हिमचादरीचं मॉडेल कंटेनरमध्ये: बिघाड वावरात नाही, धुऱ्यावर आहे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. कुठे चुकलो तर सांगा. तुम्ही नागपुरात एम.एस्सी.ला आहात. प्रकल्प हिमालयातल्या छोटा शिगरी हिमनदीवर आहे आणि हात बसावा म्हणून सरांनी आधी पिझम, म्हणजे पॅरलल आइस शीट मॉडेल, घेऊन त्यातलं ग्रीनलँडचं तयार उदाहरण चालवायला सांगितलंय. ८ जीबी रॅमच्या विंडोज लॅपटॉपवर तुम्ही डॉकरची इमेज बांधली. (डॉकर म्हणजे सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या लायब्रऱ्यांसह कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारं साधन, आणि इमेज म्हणजे त्या डब्याचा साचा.) एका प्रोसेसवर २० किलोमीटरच्या ग्रिडचं, म्हणजे तेवढ्या अंतरावरच्या बिंदूंच्या जाळीचं, उदाहरण नीट पार पडलं. चार प्रोसेस केल्या, म्हणजे काम चौघींत वाटून दिलं, की पडद्यावर ‘रीड मायनस वन’ असल्या ओळींचा पाऊस पडतो, आणि कधी ‘बस एरर’ येऊन सगळं थांबतं. ग्रिड ५ किलोमीटरची केली तर काही न बोलता रन मरतो. एक रन पूर्ण झाला, तर त्याची आउटपुट फाइलच सापडेना. शेवटी कॉलेजच्या सर्व्हरवर गेलात. तिथे डॉकरला परवानगी नाही, ॲपटेनर हे कंटेनर चालवणारं दुसरं साधन आहे, आणि त्यात आठ प्रोसेस लावूनही वेळ एका प्रोसेसइतकाच लागतो. म्हणून विचारताय, कंटेनरचा नाद सोडून पिझम सरळ मशीनवर बसवू का?

नका. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. एका प्रोसेसवर उदाहरण पार पडलं, म्हणजे इमेजच्या आत जे काही आहे, समीकरणं सोडवणारी पेट्सी, डेटाच्या फाइली लिहिणारं नेटसीडीएफ, जीएसएल, एफएफटीडब्ल्यू, युडीयुनिट्स या लायब्रऱ्या, प्रोसेसना एकमेकींशी बोलू देणारा एमपीआय आणि या सगळ्यांच्या खांद्यावर बसलेलं पिझम, ते एकमेकांशी जुळलेलं आहे. हे जुळवणं हीच यातली खरी कटकट असते. मी जिथे काम करतो तिथे एकदा सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट झाली आणि पेट्सी एका एमपीआयवर, नेटसीडीएफ दुसऱ्याच एमपीआयवर बांधलेलं, अशी खिचडी झाली. तीन दिवस त्यात गेले आणि हाती काही लागलं नाही. तेव्हापासून बर्फाचं असो, पाण्याचं असो, कुठलंही मॉडेल मी उघड्या मशीनवर बसवत नाही.

मग बिघडतंय कुठे? कंटेनर म्हणजे वेगळं मशीन नव्हे. लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, एकच असतो. नेमस्पेस आणि सीग्रुप या त्याच्याच सोयी वापरून काही प्रोसेसभोवती कुंपण घातलेलं असतं, एवढंच. लायब्रऱ्या, कंपायलर, पिझमचं एक्झिक्युटेबल हे कुंपणाच्या आत. मेमरी, डिस्क, नेटवर्क, सीपीयू, तुमची युजर आयडी हे बाहेरून येणारं. तुमच्या विंडोज लॅपटॉपवर तर कुंपणं दोन आहेत, कारण डॉकर तिथे डब्ल्यूएसएल-२ नावाच्या हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो आणि कंटेनर त्याच्या आत. आपल्याकडे पिकावरून भांडणं कमी होतात, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जास्त. तुमच्या पाचही तक्रारी मला धुऱ्यावरच्या वाटतात. पिझमच्या वावरात काही बिघडलेलं दिसत नाही.

एक आधीच कबूल करतो: तुमचा सर्व्हर मी पाहिलेला नाही. तिथे एकच मोठं मशीन आहे की अनेक नोड, म्हणजे वेगवेगळी मशीनं, जोडलेले आहेत, यावर शेवटच्या भागातलं उत्तर बरंच बदलतं. आणि पर्यायांची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना तुम्ही ती इंग्रजीत घ्यालच.

हरवलेल्या फाइलचं आधी उरकतो. कंटेनरच्या आतली डिस्क ही तात्पुरती पाटी आहे. ‘आरएम’ पर्याय देऊन कंटेनर चालवला असेल तर रन संपताक्षणी पाटी पुसली जाते आणि तुमची नेटसीडीएफ फाइल तिच्याबरोबर जाते. बाहेरचं फोल्डर ‘व्ही’ पर्यायाने आत जोडा आणि ‘डब्ल्यू’ पर्यायाने त्याच फोल्डरमध्ये उभं राहून पिझम चालवा, कारण पिझम मुख्य आउटपुटखेरीज मधल्या अवस्थेच्या फाइलीही चालू फोल्डरमध्येच टाकतो. जोडीला ‘यू’ पर्यायाने स्वतःची युजर आयडी द्या. नाहीतर फाइल बाहेर येईल पण मालक रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर, असेल, आणि लिनक्सवर तीच फाइल खोडायला सुडो, म्हणजे रूटचा अधिकार देणारी कमांड, लागेल.

हे फोल्डर विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवू नका, डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या होममध्ये ठेवा. सी ड्राइव्हवरून वाचताना-लिहिताना प्रत्येक वेळी दोन ऑपरेटिंग सिस्टीममधली हद्द ओलांडावी लागते आणि वेग इतका पडतो की माणूस मॉडेलला दोष देत बसतो.

आता न बोलता मरणारा रन. तो मेल्यावर डॉकर कोणता एक्झिट कोड देतो ते पहा. १३७ असेल तर निदान जवळपास पक्कं आहे. १२८ अधिक ९, म्हणजे प्रोसेसला नऊ नंबरचा सिग्नल मिळाला, आणि तो बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून कर्नलने दिलेला असतो. पिझमला बोलायची संधीच मिळत नाही, म्हणून एरर दिसत नाही. डब्ल्यूएसएल-२ मुळात तुमच्या रॅमच्या साधारण निम्म्या भागावरच हक्क सांगतो. म्हणजे ८ जीबीतले ४.

त्या ४ मध्ये काय बसतं याचा हिशेब कागदावर करता येतो, आणि मी प्रत्येक विद्यार्थ्याला तो करायला लावतो. २० किमीच्या ग्रीनलँड ग्रिडवर आडवे ७६ आणि उभे १४१ बिंदू असतात. बर्फाच्या जाडीत १०१ थर घेतले तर सुमारे १०.८ लाख बिंदू होतात. प्रत्येक संख्येला ८ बाइट, म्हणजे तापमानासारखं एक त्रिमिती क्षेत्र जेमतेम ९ एमबीचं. काहीच नाही. तेच ५ किमीला ३०१ गुणिले ५६१, आणि थर २०१ केलेत तर ३.४ कोटी बिंदू, एका क्षेत्राला साधारण २७० एमबी. वेगाचे तीन घटक, एन्थाल्पी (बर्फातली उष्णता-ऊर्जा), वय, घर्षणाची उष्णता, शिवाय प्रत्येकाच्या कामचलाऊ प्रती धरून अशी दहा-बारा क्षेत्रं झाली की ३ जीबी गेलेच. त्यावर फाइल लिहितानाची मेमरी. ४ जीबीत हे मरणारच.

डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये मेमरीची मर्यादा ६ जीबीवर नेता येते आणि कदाचित रन सुरूही होईल. पण वेळेचं गणित त्याहून क्रूर आहे. पिझममध्ये जाडी पुढे सरकवण्याचा उथळ-बर्फ गृहीतकाचा (बर्फ पसाऱ्याच्या मानाने पातळ धरण्याचा) भाग एक्सप्लिसिट पद्धतीचा आहे, म्हणजे पुढची स्थिती थेट आत्ताच्या स्थितीवरून काढतो. स्थिर राहायचं तर कालपायरी ग्रिड-अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात लहान करावी लागते. अंतर निम्मं केलं की बिंदू चौपट आणि पायऱ्याही चौपट, म्हणजे काम सोळापट. २० वरून ५ वर म्हणजे दोनदा निम्मं, २५६ पट. थर वाढवले ते आणखी वेगळेच. प्रत्यक्षात हा आकडा थोडा मागेपुढे होतो, कारण पिझम कालपायरी स्वतः जुळवून घेतो आणि सरकत्या बर्फाच्या भागाचा खर्च वेगळ्या रीतीने वाढतो, पण दिशा हीच. २० किमीचा रन १० मिनिटांत संपत असेल तर ५ किमीचा लॅपटॉपवर दोन दिवसांच्या आसपास जाईल. तेही मे महिन्यात, नागपुरात, जिथे दुपारी ४५ अंश असताना लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच उतरवतो. माझा जुना लॅपटॉप कूलरसमोर ठेवून ग्रीनलँडचा बर्फ गोठवायचा प्रयोग मी केलेला आहे. दमट वाऱ्याने त्याचा कीबोर्ड गेला. लॅपटॉपवर २० किमीच्या खाली जाऊ नका.

मूळ दुखणं चार प्रोसेसचं आहे, तिथे जरा थांबू. पिझम चार प्रोसेसवर चालवला की तो ग्रीनलँडचे चार तुकडे करतो आणि एकेका प्रोसेसला एकेक देतो. बर्फाचा उतार काढायचा तर शेजारच्या बिंदूची जाडी लागते, आणि तुकड्याच्या कडेला तो शेजारी दुसऱ्या प्रोसेसच्या वावरात असतो. म्हणून प्रत्येक कालपायरीला कडेच्या ओळींची देवाणघेवाण होते. प्रोसेस एकाच मशीनवर असल्या की एमपीआय ही देवाणघेवाण नेटवर्कवरून न करता थेट मेमरीतून करतो, कारण ते वेगवान असतं. कंटेनरची भिंत नेमकी इथे आड येते, आणि दोन जागी येते.

पहिली जागा शेअर्ड मेमरी. डॉकर प्रत्येक कंटेनरला तिच्यासाठी मुळात फक्त ६४ एमबी देतो. वेब सर्व्हरला ते पुरून उरतं. एमपीआयच्या चार-आठ प्रोसेस तिथे आपल्या रांगा मांडायला गेल्या की जागा संपते, आणि नसलेल्या पानावर लिहायला गेलेल्या प्रोसेसला कर्नल ‘बस एरर’ देतो. ती कधी येते, कधी येत नाही याचं कारण हेच, की जागा किती भरली यावर ते ठरतं. ‘एसएचएम-साइझ’ पर्यायाने १ जीबी द्या, एवढं पुरतं. ‘आयपीसी’ला ‘होस्ट’ सांगून भिंतच काढता येते, पण सवय म्हणून मी ते करत नाही.

दुसरी जागा तुमच्या ‘रीड मायनस वन’ ओळी. ओपन एमपीआय, म्हणजे तुमच्या इमेजमधला एमपीआयचा प्रकार, मोठा निरोप पाठवताना मधली नक्कल टाळतो आणि दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीत थेट हात घालून डेटा उचलतो. डॉकरच्या सुरक्षा नियमांत, विशेषतः जुन्या आवृत्त्यांत, हा हात घालणं निषिद्ध आहे. एकाच कंटेनरमधल्या प्रोसेसनाही. म्हणून प्रत्येक प्रयत्न फसतो आणि एकेक ओळ छापली जाते. उपाय दोन. ‘कॅप-ॲड’ने ‘सिस पीट्रेस’ ही मुभा द्या. नाहीतर ओपन एमपीआयलाच सांगा, बाबा, तू ती युक्ती वापरू नकोस: चौथ्या मालिकेपर्यंतच्या आवृत्त्यांत व्हेडर नावाच्या भागाची ‘सिंगल कॉपी मेकॅनिझम’ ‘नन’ करणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतं. मी दुसरा उपाय घेतो आणि तो इमेज बांधतानाच आत लिहून टाकतो. वेग किंचित कमी होतो, पण प्रत्येक नवख्या माणसाला खास मुभा द्यायची आठवण करावी लागत नाही.

याच सुमारास आणखी दोन गोष्टी आडव्या येतील. ओपन एमपीआय रूट म्हणून चालायला नकार देतो. अनेक जण तो नकार दाबणारा पर्याय देऊन पुढे जातात, पण वर सांगितलेला ‘यू’ पर्याय दिला असेल तर तो प्रश्नच राहत नाही. दुसरी जास्त फसवी आहे. चार प्रोसेस चालू आहेत, एररही नाही, पण वेग एकीपेक्षाही कमी. तेव्हा बहुधा पेट्सीच्या खालची ओपनब्लास ही गणिती लायब्ररी प्रत्येक प्रोसेसमध्ये स्वतःचे वेगळे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या शाखा, काढत असते. चार कोअरवर चार प्रोसेस आणि प्रत्येकीचे चार थ्रेड, म्हणजे सोळा जणांना चार खुर्च्या. ओएमपी थ्रेडची संख्या १ ठेवा. डॉकरच्या ‘सीपीयूज’ पर्यायाने कोअर मर्यादित केले असतील तर आणखी गंमत होते. आतल्या प्रोग्रामला सगळेच कोअर दिसतात, मिळतात मात्र ठरलेल्या वाट्याएवढेच. खरोखर नेमके कोअर नेमून द्यायचे तर ‘सीपीयूसेट’चा पर्याय आहे.

आता कॉलेजचा सर्व्हर. डॉकरला तिथे मनाई आहे ती ॲडमिनच्या हेकटपणामुळे नाही. डॉकरचा डीमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा त्याचा प्रोग्राम, रूट म्हणून चालतो. ज्याला डॉकर चालवता येतो तो सर्व्हरचं कुठलंही फोल्डर कंटेनरमध्ये जोडून रूट म्हणून उघडू शकतो. शंभर विद्यार्थ्यांच्या सामायिक मशीनवर हे कोण देईल? ॲपटेनर याच गरजेतून आला. आधी त्याचं नाव सिंग्युलॅरिटी होतं, अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तो सुरू झाला, आणि २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे जाताना नाव बदललं. त्यात तुम्ही बाहेर जे असता तेच आत असता.

डॉकरची इमेज फुकट जात नाही. लॅपटॉपवर ‘डॉकर सेव्ह’ने तिची टार फाइल करा, ती सर्व्हरवर न्या, आणि तिच्यापासून ॲपटेनरला एसआयएफ, म्हणजे त्याची स्वतःची इमेज, बांधायला सांगा. एकच फाइल होते, पेनड्राइव्हवरही मावते. पण डॉकरमध्ये चाललेली इमेज इथे अडू शकते. इमेजमध्ये पिझम रूटच्या होममध्ये बसवलं असेल, आणि इंटरनेटवरच्या निम्म्या डॉकरफाइली तेच करतात, तर इथे तुम्ही रूट नसल्यामुळे ते फोल्डर उघडणारच नाही. ‘ऑप्ट’ या सगळ्यांना उघडणाऱ्या फोल्डरमध्ये बसवा. एसआयएफ फक्त वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही, म्हणून आउटपुट बाहेरच्या फोल्डरमध्येच हवं. आणि ॲपटेनर तुमचं सर्व्हरवरचं होम आपणहून आत जोडतो, हे सोयीचंही आहे आणि घातकही. पूर्वी कधी तुम्ही पिप वापरून होममध्ये पायथनची पॅकेजं टाकली असतील तर कंटेनरमधला पायथन आतली सोडून ती उचलतो. नेटसीडीएफची पायथन लायब्ररी आपलं स्वतःचं एचडीएफ-५ (नेटसीडीएफच्या खालची फाइल-लायब्ररी) घेऊन आली असेल तर मग दोन एचडीएफ-५ ची झटापट. ‘पायथन नो युझर साइट’ हे व्हेरिएबल १ करा, झालं. होम नेटवर्कच्या डिस्कवर असेल आणि नेटसीडीएफ-४ फाइल उघडताना लॉकिंगची तक्रार आली, तर एचडीएफ-५ चं फाइल लॉकिंग बंद करणारंही असंच एक व्हेरिएबल आहे.

आठ प्रोसेस आणि वेळ मात्र एकीचाच, हे लक्षण मी लांबून ओळखतो, कारण मी स्वतः त्यात फसलो होतो. पिझमच्या पडद्यावरच्या ओळी पहा. नेहमी एकच प्रोसेस, शून्य क्रमांकाची, सगळ्यांच्या वतीने छापते. तुमच्याकडे प्रत्येक ओळ आठ-आठदा छापली जात असेल, तर आठ जण मिळून एक ग्रीनलँड करत नाहीत. आठ जण आपापलं अख्खं ग्रीनलँड करतायत, आणि शेवटी एकाच नावाच्या फाइलवर एकमेकांच्या अंगावर लिहितायत. माझ्या बाबतीत ओळी पडद्यावर न येता लॉगफाइलमध्ये जात होत्या आणि मी ती उघडलीच नव्हती. आउटपुट फाइल तयार होत होती, नकाशा नीट दिसत होता, आणि आकडेही बरोबर होते, कारण प्रत्येकाने तोच हिशेब केला होता! दोन दिवस मी समांतर रन चालतोय म्हणून खूश होतो.

कारण असं. सर्व्हरचा एमपीआयरन, म्हणजे प्रोसेस सुरू करणारी एमपीआयची कमांड, बाहेरून ॲपटेनरच्या आठ प्रती उभ्या करतो. प्रत्येक प्रतीतल्या एमपीआयने बाहेरच्याला विचारायचं असतं, मी कितवा आणि आपण किती? बाहेर इंटेल एमपीआय किंवा एमपिच असा एमपीआयचा दुसरा प्रकार आणि आत ओपन एमपीआय असेल तर दोघांची बोली जुळत नाही. उत्तर मिळालं नाही की आतला समजतो, मी एकटाच आहे. ही माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आत जाते, म्हणून आवृत्त्या जुळत असूनही ‘क्लीनएन्व्ह’ पर्याय दिला तर तेच घडतं.

उपाय काय, ते सर्व्हर कसा आहे त्यावर. एकच मशीन असेल, आणि कॉलेजमध्ये बहुधा एकच असतं, तर सर्व्हरचा एमपीआय विसरा. ॲपटेनरला एकदाच हाक मारा आणि आतला एमपीआयरन आत आठ प्रोसेस काढू दे. आत-बाहेर बोलण्याचा प्रसंगच येत नाही. अनेक नोडवर जायचं असेल तर ही पळवाट चालत नाही, कारण आतल्याला दुसऱ्या नोडवर कंटेनर उघडता येत नाही. मग बाहेरचा एमपीआयरनच हवा, आणि इमेज बांधतानाच आत त्याच घराण्यातला, शक्यतो त्याच आवृत्तीचा एमपीआय घ्यायला हवा. एमपिच, इंटेल एमपीआय आणि एमव्हापिच यांच्यात बायनरी पातळीवर मेळ ठेवलेला आहे, म्हणून बाहेर इंटेल असेल तर आत एमपिच घालणं हा व्यवहारी मार्ग. ओपन एमपीआय त्या घराण्यातला नाही. शिवाय इन्फिनीबँड या नोड जोडणाऱ्या वेगवान नेटवर्कच्या लायब्रऱ्या आत नसतील तर एमपीआय गुपचूप साध्या इथरनेटवरून बोलतो. चालतं, पण रखडत. आधी ॲडमिनला एवढं विचारून या: बाहेर कोणता एमपीआय, कोणती आवृत्ती, नोड किती.

सर्व्हरवर पहिल्याच क्षणी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ आलं तर घाबरू नका. पेट्सी बांधताना ‘मार्च नेटिव्ह’ दिलं असेल तर कंपायलरने तुमच्या नव्या लॅपटॉपच्या सूचना वापरल्या, आणि सर्व्हरचा जुना प्रोसेसर त्या ओळखत नाही. कंटेनर लायब्रऱ्या नेतो, प्रोसेसर नेत नाही. इमेज कुठेही चालायला हवी तर हा पर्याय काढून पुन्हा बांधा. वेगात थोडं नुकसान होतं, ते मी सोसतो.

तुम्ही विचारलं नाही, पण नागपुरात राहता म्हणून हे सांगतोच. ग्रीनलँडच्या उदाहरणात बर्फाला आजच्या स्थितीपर्यंत आणायला मागच्या १,२५,००० वर्षांचं हवामान देऊन चालवायची सोय आहे. हे लांब रन असतात, आणि मधेच लाईट जाते. पिझम घड्याळी वेळेनुसार, मुळात दर तासाला, आपली अवस्था फाइलमध्ये टाकतो. जुन्या आवृत्तीत या पर्यायाला ‘बॅकअप इंटरव्हल’ म्हणत, नव्यात ‘चेकपॉइंट इंटरव्हल’. यूपीएस वीस मिनिटांचा असेल तर तो दहा मिनिटांवर आणा. शिवाय पिझम सिग्नल समजतो. ‘टर्म’ सिग्नल दिला तर अवस्था लिहून थांबतो, ‘युझर वन’ दिला तर लिहून पुढे चालू राहतो.

पण डॉकरमध्ये हा शहाणपणा धुऱ्यावर अडतो. ‘डॉकर स्टॉप’ टर्म सिग्नल देतो तो कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसला. ती प्रोसेस तुमची शेल स्क्रिप्ट असेल तर ती निरोप पुढे देतच नाही. दहा सेकंद वाट पाहून डॉकर सगळ्यांना ठार करतो. तासाभराचं काम गेलं. म्हणून स्क्रिप्टची शेवटची ओळ ‘एक्झेक’ने सुरू करा, म्हणजे शेलच्या जागी एमपीआयरन स्वतः पहिली प्रोसेस होतो. तरीही टर्मवर विसंबू नका, कारण एमपीआयरन पोरांना टर्म देतो आणि मोठी फाइल लिहून व्हायच्या आतच संपवूनही टाकतो. आधी ‘डॉकर किल’ला सिग्नलचं नाव ‘युझर वन’ देऊन पाठवा. नावावर जाऊ नका, यात कोणी मरत नाही. ओपन एमपीआयचा एमपीआयरन हा सिग्नल सगळ्या प्रोसेसना पोचवतो. फोल्डरमध्ये अवस्थेची फाइल उमटली, तिचा आकार वाढायचा थांबला, की मग खुशाल थांबवा. ॲपटेनरमध्ये हे सोपं आहे. तिथे डीमन नाही, तुमच्या प्रोसेस साध्या प्रोसेस असतात, एमपीआयरनचा क्रमांक शोधून साधा ‘किल’ वापरला की काम होतं.

प्रबंधात लिहायला म्हणून: इमेजच्या ‘लेटेस्ट’ टॅगचं नाव देऊ नका, तो टॅग उद्या दुसऱ्याच इमेजवर बसेल. डायजेस्ट लिहा, म्हणजे ती लांबलचक हॅश संख्या, किंवा एसआयएफ फाइलच जपून ठेवा. किती प्रोसेसवर चालवलं तेही लिहा. बेरजेचा क्रम बदलला की शेवटच्या काही दशांशांत फरक पडतो, आणि परीक्षकाने दोन फाइली एकमेकांतून वजा करून पाहिल्या तर शून्य येणार नाही. तो बिघाड नव्हे.

आता थोडं आगाऊपणाने. छोटा शिगरी जेमतेम ९ किलोमीटर लांब आहे. तुमच्या २० किमीच्या ग्रिडचा एक चौकोन अख्ख्या हिमनदीहून मोठा, आणि ५ किमीवर ती दोन चौकोनांत संपते. पिझम लहान हिमनदीवर चालत नाही असं नाही. स्वीडनमधल्या स्टुरग्लासियेरेन या छोट्या हिमनदीचं उदाहरण त्याच्याच सोबत येतं. पण मग ग्रिड १०० मीटरच्या आसपास घ्यावी लागते, तळाचा भूभाग त्याच बारकाईने लागतो, आणि अरुंद दरीत उथळ-बर्फाचं गृहीतकच ताणलं जातं. दरीच्या भिंतींचा ताण सविस्तर हवा असेल तर फिनलंडच्या सीएससी केंद्राचं एल्मर-आइस संपूर्ण स्टोक्स समीकरणं सोडवतं, पण ते शिकायला एक सत्र पुरणार नाही.

तुमचा प्रश्न ‘या शतकात ही हिमनदी किती आटेल’ एवढाच असेल तर ओजीजीएम, म्हणजे ओपन ग्लोबल ग्लेशियर मॉडेल, बघा. ते पायथनमध्ये आहे, प्रवाहरेषेवर चालतं, रँडॉल्फ ग्लेशियर इन्व्हेंटरी या हिमनद्यांच्या जागतिक नोंदीमधली हिमनदीची सीमा उचलतं, आणि २००० ते २०२० या काळातल्या उपग्रहांनी मोजलेल्या वस्तुमान-बदलावर स्वतःला बसवून घेता येतं. छोटा शिगरीवर २००२ पासून प्रत्यक्ष जागेवर जाऊन वस्तुमान-संतुलन, म्हणजे वर्षाकाठी बर्फ किती वाढला-घटला ते, मोजलेलं आहे, त्यामुळे पडताळणीला तुमच्याकडे खरे आकडे असतील, आणि असं भाग्य हिमालयात थोड्याच हिमनद्यांना आहे. ओजीजीएमची डॉकर इमेज ते लोक स्वतःच देतात. एका हिमनदीला एक प्रोसेस पुरते, एमपीआयची गरज नाही, आणि ८ जीबीचा लॅपटॉप आरामात झेपवतो.

हा निर्णय तुमचा नाही, सरांचा आहे, हे मला कळतं. त्यांच्याकडे जाताना २० किमीचा चार प्रोसेसवरचा नीट पार पडलेला रन आणि वरचा २५६ पटीचा हिशेब घेऊन जा. सर्व्हरवर आठ प्रोसेसचं जमलं नाही तर मला तीन गोष्टी पाठवा: तुम्ही दिलेली पूर्ण कमांड, सर्व्हरच्या एमपीआयरनने सांगितलेली स्वतःची आवृत्ती, आणि लॉगच्या पहिल्या चाळीस ओळी. शेवटच्या नकोत. त्या सगळेच पाठवतात.